एप्रिलचे अकरा टक्के

त्या दिवशी सकाळी टिली आउथवेटला आभाळ ठेंगणं झालं होतं. एकोणीस वर्षांची पोरगी. सोमवार ते गुरुवार डार्लिंग्टनच्या सरकारी कचेरीत अर्थतज्ज्ञांच्या हाताखाली काम करायचं, शुक्रवारी विद्यापीठाचा अभ्यास, आणि चार वर्षांनी पदवी. फी सरकार भरणार, वर पगारही देणार. तिच्या शाळेतल्या कुणाला आजवर असलं काही मिळालं नव्हतं. आणि आज साडेअकराला लंडनला संसदेत मंत्रीबाई उभ्या राहून टिलीने काढलेला आकडा वाचणार होत्या.

"अकरा टक्के, डॅड! खेडोपाडी बस दर अर्ध्या तासाला सोडली आणि एका वर्षात अकरा टक्के माणसं वाढली. एप्रिलला एप्रिल ताडून बघितलंय."

तिचा बाप कीथ बावीस वर्षं बस चालवत होता. त्याने टोस्टला लोणी फासता फासता मान हलवली. "एप्रिल म्हणतेस? मग वाढणारच की. गेल्या एप्रिलात दोन आठवडे मी रिकामी बस फिरवत होतो. पोरं ईस्टरच्या सुट्टीत घरी बसून चॉकलेटची अंडी खात होती."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी ईस्टर लवकर आला ना. बरीचशी सुट्टी मार्चातच उरकली. एप्रिलभर बस शाळकरी पोरांनी खच्चून. एकाने तर माझ्या आरशाला च्युइंगम..."

पुढचं टिलीने ऐकलंच नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वाढलेली माणसं म्हणजे निम्म्याहून अधिक शाळेची पोरंच होती, आणि ती काही नव्या बससाठी चढली नव्हती. दुखरी गोष्ट अशी, की ऋतूनुसार आकडे कसे खालीवर होतात या धड्यावर तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. शुक्रवारी शिकलेलं सोमवारी विसरायचं, हे तिला छान जमलं होतं.

"काय गं, पांढरी का पडलीस? टोस्ट तरी खा."

"मी गेले, डॅड!"

कचेरीत पोचेपर्यंत तिने मनात दहा वेळा राजीनामा दिला. नोकरीत कायम होण्याआधीची चाचणीची मुदत संपायला अजून सहा आठवडे होते. आत्ता नोकरी गेली तर पदवीही गेली. दोन्ही एकाच गाठीने बांधलेल्या. मग सप्टेंबरात पुन्हा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर.

आधी ती जाइल्सकडे गेली. कचेरीचा दंडकच होता: एकाने आकडा काढायचा, दुसऱ्याने तपासून खाली नाव घालायचं. टिलीच्या आकड्याखाली जाइल्सचं नाव होतं. हा गृहस्थ मोठ्या विद्यापीठातून आलेला, बोलणं तूपसाखर. तिचं ऐकल्यावर त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे बघ, टिली. दहा वाजलेत. लंडनला आता भाषणाच्या प्रती छापून झाल्या असतील. पुढच्या महिन्यात तळटीप टाकू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या बापाला कळलंय," टिली म्हणाली. "तू फाइल उघडली होतीस का रे?"

जाइल्सने खिडकीबाहेर बघितलं. म्हणजे उघडली नव्हती.

टिलीला त्याचा राग आला, पण त्याहून स्वतःचा आला. तिला गप्प बसायचा मोह झाला, खोटं कशाला बोला. तिने मिनिटभर स्वतःच्या खुर्चीवर बसूनही पाहिलं. मग ती उठली आणि लॉरेनच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. लॉरेन क्रॅग ही त्यांची वरिष्ठ. बोलायला फटकळ, आणि चष्म्यावरून बघायची तेव्हा भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

"लॉरेन, माझा आकडा चुकलाय. ईस्टरची सुट्टी मी धरलीच नाही."

लॉरेनने चष्म्यावरून पाहिलं. "खरा आकडा किती?"

"मार्च आणि एप्रिल एकत्र धरले तर तीनच्या आसपास. पण नीट काढावा लागेल."

"मग इथे का उभी आहेस? चाळीस मिनिटं देते. जाइल्स! या वेळी फाइल उघडून तपास."

लॉरेनला सगळं कसं कळतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिने लंडनला फोन लावला आणि मंत्रीबाईंच्या माणसाला सांगितलं, "तो आकडा खोडा. हो, आत्ताच. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा, मी ऐकतेय." आणि खरंच, कानापासून फोन हातभर लांब धरून ती ऐकत राहिली.

टिलीने आकडे पुन्हा मांडायला घेतले. जाइल्स शेजारी खुर्ची ओढून बसला, प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, आणि मधेच एक बेरीज चुकलेली पकडली सुद्धा. शेवटी तीन पूर्णांक एक दशांश. अकरा वाजायला दहा मिनिटं असताना आकडा लंडनला गेला.

साडेअकराला सगळे टीव्हीच्या पडद्याभोवती जमले. मंत्रीबाई उठल्या, कागद चाळला, खाकरल्या. टिलीने डोळे मिटून घेतले.

"...तीन टक्क्यांनी वाढ झाली आहे."

समोरच्या बाकावरून कुणीतरी खवचटपणे हसलं, "बस, तीनच?" बाई म्हणाल्या, "तीनच, पण खरे," आणि खाली बसल्या. टिलीचा जीव भांड्यात पडला. जाइल्सने तिच्यापुढे बिस्किटांचा अख्खा पुडा ठेवला.

पण लॉरेनने तिला बोलावलंच. टेबलावर एक निळी वही उघडी होती.

"चुकांची वही. नियम आहे, भरावी लागते. हा रकाना चूक कुणी केली, हा ती कुणी शोधली."

टिलीने आधीची पानं चाळली. चूक करणाऱ्यांत लॉरेनचं नाव चार वेळा होतं, आणि शोधणाऱ्यांत बहुतेक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्राचं.

"मग... माझी नोकरी?"

"तिला काय झालंय? चूक झाल्यावर चालत माझ्या टेबलापर्यंत येणारी माणसं मला मिळत नाहीत गं. मी तुला सोडते होय? लिही. दोन्हीकडे तुझंच नाव घाल, शोभून दिसेल."

टिलीने पहिल्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. दुसऱ्याशी पेन थांबलं. मग तिने सावकाश लिहिलं: कीथ आउथवेट.

लॉरेनने वही आपल्याकडे फिरवली. "हे कोण? कुठलं खातं?"

"बस ड्रायव्हर आहेत. माझे डॅड."

लॉरेनने त्या नावाखाली सही केली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी आकडा पाठवायच्या आधी त्यांना दाखव."

टिली हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.