टोपलीतली पेशी

मी एक जुनी बांबूची टोपली आहे, मित्रांनो. आपला जव्हार तालुका ठाणे जिल्ह्यात होता, तेव्हा साखरशेतच्या जिवाने मला नाचणीची कणसं वाहायला विणलं. त्याची बायको पुष्पलता हायस्कूलवर विज्ञान शिकवायची.

"अहो, ही टोपली मला द्या. नववीला पेशी शिकवायची आहे."

"आणि नाचणी कशात भरू मी?"

"दुसरी विणा. हात रिकामेच असतात तुमचे."

अशी मी शाळेत गेले. पुष्पलताबाईंनी माझ्यात जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला. मुलांना म्हणाल्या, "टोपली म्हणजे वनस्पतीची पेशीभित्तिका. ती आकार देते, आधार देते. हे फडकं म्हणजे प्रद्रव्यपटल. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर सोडायचं, ते हे ठरवतं."

फडक्यात त्यांनी सागरगोटा ठेवला. ते केंद्रक. पेशीने काय काय करायचं, ते सगळं त्यात साठवलेलं. वालाचे दाणे म्हणजे तंतुकणिका, अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या. हिरवे मूग म्हणजे हरितलवके, उन्हावर अन्न तयार करणारी. नाचणीचे दाणे रायबोसोम, प्रथिनं बनवणारे. मग मूग काढून, चिंचेचा गोळा आत टाकून बाई फडक्याला गाठ मारत आणि गाठोडं माझ्यातून उचलत.

"आता ही प्राण्याची पेशी. चिंच म्हणजे लयकारिका. जुनं, मोडकं झालेलं ती पचवून टाकते."

"म्हणजे माणसाला टोपली नाय, बाई?" रविनाने विचारलं.

"नाही. म्हणून तर तू बाकावर वाकून झोपतेस."

सगळा वर्ग हसला, रविनाही हसली. दर वर्षी नवं पीक आलं की बाई दाणे बदलत. त्यांच्या हाताला खडूचा वास यायचा. तो मला अजून आठवतो.

एका उन्हाळ्यात बाई आजारी पडल्या आणि गेल्या. जिवाने मला गाठोड्यासकट घरी आणून फळीवर ठेवलं. गाठोड्याची गाठ बाईंनी शेवटच्या तासाला मारलेली होती. तो रोज तिच्याकडे बघायचा, पण हात लावायचा नाही. आत वालाला भुंगे लागले. माझ्या विणीतून पीठ गळू लागलं. मला भीती वाटायची, पण मी सांगणार कशी?

रविना शिकून त्याच शाळेत शिक्षिका झाली होती. ती घरी आली.

"काका, टोपली द्या. पोरांना पुस्तकातली पेशी कळत नाय."

"टोपली ने. गाठोडं नाय. गाठ तिची हाय."

रविनाने खाली सांडलेलं पीठ बोटावर घेऊन दाखवलं. "आतलं संपत चाललंय, काका. पेशी जुनं काढते, नवं घालते, म्हणून जगते. बाईंनीच शिकवलंय."

जिवाने तिच्या बोटावरच्या पिठाकडे बघितलं. मग म्हणाला, "सगळं बदललं, तर तिचं काय राहिलं?"

"सागरगोटा."

जिवाने गाठ सोडली. भुंगे अंगणात झटकले, फडकं उन्हात टाकलं. सागरगोटा मात्र ऊन उतरेपर्यंत त्याच्या मुठीतच होता. मग तो उठला आणि कणगीतून यंदाची नाचणी घेऊन आला.

आता मी पुन्हा वर्गात आहे. दर वर्षी नाचणी जिवा स्वतः आणतो. गाठही तोच मारतो. ती बाईंसारखी होत नाही, पण सुटत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही कुणी हाताने केलेली एखादी वस्तू असेल. तिला फळीवर ठेवून जपू नका. तिला वर्गात न्या, तिचे दाणे बदला. सागरगोटा तेवढा सांभाळा.