हिरव्या मार्करची रेघ

जाड टोकाचा हिरवा मार्कर.

काचेचं सन्मानचिन्ह. 'पाणथळीसाठी तीस वर्षं.'

तळाला भोक पाडलेली होडी.

अर्धी विणलेली चटई.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं सकाळी कोणी विचारलं असतं तर संचालिकाबाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. त्यांना वेळ कुठे होता? संध्याकाळी सन्मान, आणि उद्या त्यांच्या संस्थेने राखलेल्या तळ्याची हद्द सरकारदरबारी कायमची होणार. त्या कागदावर तेवढी त्यांची सही राहिली होती.

तेवढ्यात चटईवाली म्हातारी आत घुसली आणि अर्धी चटई तिने टेबलावर आपटली.

"पुरी कशानं करू, सांगा! भावानं लव्हाळा कापला म्हणून तुमच्या पहारेकऱ्यानं होडी फोडली. आमचा आजा कापायचा तिथं!"

बाईंचा पारा चढला. गरिबाच्या पोटावर पाय आणि तोही आपल्या नावाने? पहारेकऱ्याला बोलावून त्यांनी त्याची बिनपाण्याने केली. "कोणाच्या हुकमाने फोडलीस रे?"

"तुमच्याच, मॅडम." त्याने कपाटातून जुना नकाशा काढून पसरला. "लव्हाळा हद्दीत येतो. खांब या रेघेवरून रोवलेत."

हिरवी, ठसठशीत रेघ. खाली बाईंची सही, तरुणपणीची, झोकदार.

त्यांना सगळं आठवलं. पहिली नोकरी, परदेशी पाहुणे, भिंतीवर टांगलेला नकाशा. मागच्या खुर्चीवरूनही रेघ दिसली पाहिजे म्हणून त्यांनी मार्कर उचलला होता. पाहुणे खूश झाले, निधी आला. मोजणीवाल्यांनी खांब रोवले ते रेघेच्या बाहेरच्या कडेला.

बाईंनी पट्टी लावली. रेघेची जाडी चार मिलिमीटर. नकाशाच्या प्रमाणाने जमिनीवर दोनशे मीटर. काठचा सगळा लव्हाळा त्या जाडीत गडप झाला होता. आणि त्या मात्र अकरा देशांत लोकसहभागावर भाषणं ठोकत हिंडल्या होत्या! संताप आता अंगावर उलटला. त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला.

"हद्द चुकलीय. मी सही करणार नाही."

"अहो ताई, तीस वर्षांचे अहवाल खोटे ठरतील!"

"ठरतील कशाला? आहेतच."

"सन्मान जाईल. खुर्चीही जाईल."

"त्यांची होडी गेलीय."

"डोकं फिरलंय तुमचं!"

"फिरायला तीस वर्षं लागली, त्याचीच चीड येतेय!" बाईंनी फोन आदळला.

सहीच्या जागी त्यांनी लिहिलं: हद्द चुकीची आहे. चूक माझी. खांब दोनशे मीटर आत घ्यावेत. खाली सही ठोकली आणि कागद पहारेकऱ्याच्या हाती दिला. "आत्ताच्या आत्ता सरकारी कचेरीत पोचव. आणि होडी दुरुस्त होईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

"काय लिहिलंय? मोठ्यानं वाचा की," म्हातारी म्हणाली.

बाईंनी वाचलं. 'माझी' हा शब्द त्यांनी पुटपुटत उरकला. म्हातारीने थांबवून त्यांना तो शब्द पुन्हा वाचायला लावला.

"माफ करा, मावशी."

"लव्हाळा हातात आला की बघू." म्हातारीने चटई काखोटीला मारली. "कागद पुष्कळ पाहिलेत आम्ही."

नकाशा रंगवला त्या दिवशी टेबलावर टोक केलेली पेन्सिलही होती.