डाव्या अंगाचं चाक

पौडच्या पेठेत तेव्हा मोटारीचा आवाज आला की माणसं हातातलं काम टाकून बाहेर यायची. पंचावन्न सालच्या आगेमागचे ते दिवस. रस्ता खडीचा, एसटीची दिवसातून एखादी खेप, बाकी सगळा कारभार बैलगाडीवर. त्या रस्त्यावर कोंडाजी आणि बाबालाल यांची भागीतली पिकअप चालायची. लष्कराच्या लिलावातून बाबालालनं ती निवडून आणली होती. मूळचा रंग हिरवा. पण उन्हापावसानं त्याचं असं काही झालं होतं की त्या रंगाला नाव देणं अवघड. मागं लाकडी फळ्यांचा हौदा, पुढं दोघातिघांपुरती जागा. मुळशी खोऱ्यातला आंबेमोहोर, हिरडा, कोळसा, हंगामात करवंदाच्या पाट्या घेऊन ती पुण्याला जायची आणि येताना मीठ, पत्रे, कापडाचे गठ्ठे आणायची. माणसं तर जातायेता असायचीच.

बाबालाल मुलाणी लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लष्करी गाड्या चालवून आलेला. अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून कमी. कोंडाजी त्याच्यापेक्षा आठदहा वर्षांनी लहान, आणि सगळ्याच बाबतीत उलटा. तो पैलवान. पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये त्यानं नारळापासून फेट्यापर्यंत सगळं जिंकलं होतं. पुढं एका कुस्तीत गुडघा फिरला आणि तालीम सुटली. घरची भातशेती भावांनी सांभाळली होती, तिथं याच्या हातांना काम नव्हतं. बाबालालला गाडीसाठी भागीदार हवा होता, कोंडाजीला रोज सकाळी उठून जायला एखादी जागा हवी होती. असं ते जुळलं.

पहिल्या वर्षी कोंडाजीनं आपली सगळी राहिलेली कुस्ती गाडीवर काढली. पोती चढवायची तर दोन माणसांचं काम एकटा करी. नट आवळायचा तर पान्ह्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून त्यावर अख्खं वजन टाकी. घट्ट म्हणजे किती घट्ट, हा प्रश्नच त्याला पडत नसे. हिसडा देऊन पान्हा पुढं सरकेनासा झाला की त्याला जिंकल्यासारखं वाटे.

एकदा पिरंगुटच्या अलीकडं डाव्या अंगाचं मागचं चाक पंक्चर झालं. बाबालाल ओढ्यावर पाणी आणायला गेला तेवढ्यात कोंडाजीनं नट सैल करायला घेतले. हलेनात म्हटल्यावर पाइप लावला, त्यावर पाय देऊन उभा राहिला. काडकन आवाज झाला आणि नटासकट बोल्टाचं मुंडकं त्याच्या पायाशी पडलं. बाबालालनं परत येऊन ते पाहिलं. रागावला नाही. पाण्याचा डबा खाली ठेवून तो चाकापाशी उकिडवा बसला आणि कोंडाजीचा हात धरून पान्हा उलट्या दिशेनं फिरवायला लावला. उरलेले नट हूं की चूं न करता सुटले. या गाडीच्या डाव्या बाजूला उलटे आटे होते. चाक पुढं फिरताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून केलेली ती सोय. कोंडाजी सैल करायला म्हणून इतका वेळ ते आवळतच होता.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बाबालालनं त्याला सगळं पहिल्यापासून दाखवलं. बोल्टावरची माती फडक्यानं पुसायची, तेल मात्र लावायचं नाही. नटाची निमुळती बाजू आत. आधी नुसत्या बोटांनी फिरवून सगळे नट बसवायचे. मग पान्हा घ्यायचा. एक आवळला की त्याच्या शेजारचा नाही, पलीकडचा, म्हणजे चाक एका अंगाला न ओढता सरळ बसतं. जॅक उतरवून चाक जमिनीला टेकलं की पुन्हा तसाच एक फेरा. आणि चार-सहा मैल गेल्यावर थांबून आणखी एकदा पान्हा लावून बघायचा, कारण चाक चालल्यावर आपली जागा धरतं आणि नट जरासे ढिले पडतात.

कोंडाजी पुन्हा पाइपकडं हात नेतो आहे असं दिसल्यावर बाबालाल म्हणाला, "पैलवान, ह्यो नट हाय, कुनाची मानगूट न्हाई. बसला की सोडायचा."

ते वाक्य कोंडाजीच्या मनाला लागलं, आणि पटलंही. हळूहळू त्याच्या हाताला ती जागा कळायला लागली. पान्हा आधी सहज येतो, मग जड होतो, आणि त्या जडपणात एक क्षण असा येतो की लोखंड लोखंडाला धरतं. त्याच्या पुढं जोर लावणं म्हणजे आट्यांचा जीव घेणं. तालमीत वस्तादांनी जे शिकवून संपवलं नव्हतं, ते आपण इथं शिकतो आहोत, असं त्याला वाटे. दर आठवड्याला दोघं मिळून सगळी गाडी तपासत. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट, हौद्याच्या फळ्या धरणारे स्क्रू, बॅटरीची पट्टी, दाराच्या बिजागऱ्या. त्या कामात बोलणं फारसं नसे. बाबालालच्या अंगणात चिंचेखाली गाडी उभी असायची, त्याची बायको हुसेनबी चहा आणून ठेवायची, आणि तिची मुलगी शाहजादी हौद्यात बसून पाढे म्हणायची. पुढं कित्येक वर्षांनीही कोंडाजीला सुख म्हटलं की त्या चिंचेखालची दुपारच आठवायची.

शाहजादी मोठी झाली. खडकीच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं. निकाह पौडातच, बाबालालच्या अंगणात. पाठवणी आपल्याच गाडीतून करायची हे आधीपासून पक्कं होतं, आणि गाडी कोंडाजी चालवणार हेही. बाबालाल म्हणाला होता की त्या दिवशी आपल्या हाताचा आपल्याला भरवसा नाही.

लग्नाच्या सकाळी कोंडाजी पोचला तेव्हा गाडी धुऊन, झेंडूच्या माळा लावून तयार होती. रंभाबाई, त्याची बायको, आधीपासूनच हुसेनबीच्या हाताखाली चुलीवर होती. बाबालालनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की डाव्या अंगाच्या मागच्या चाकातली हवा पहाटे उतरलेली दिसली म्हणून आपण स्टेपनी चढवली आहे, आता काही बघायला नको. त्याच्या नव्या सदऱ्याच्या बाहीला काळा डाग लागला होता. एवढं सांगेपर्यंत त्याला तीनदा कोणी ना कोणी हाक मारली.

दुपार कलताना पाठवणी झाली. हुसेनबी मुलीला सोडेना. बाबालाल मात्र दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, पुढं आलाच नाही. शाहजादी जाऊन त्याच्या गळ्यात पडली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवलं. पुढच्या बाकावर शाहजादी आणि तिची मावशी बसल्या. हौद्यात नवरामुलगा, त्याचे चुलते आणि वऱ्हाडातली बाकीची मंडळी. कोंडाजीनं हँडल मारून गाडी चालू केली.

पिरंगुटला घाटाच्या पायथ्याशी त्यानं गाडी कडेला घेतली. चाक बदललं की इथं थांबायचं, ही इतक्या वर्षांची रीत होती. हौद्यातून नवऱ्यामुलाच्या चुलत्यांनी विचारलं की आता कशाला थांबवली, खडकीला पोचेपर्यंत अंधार पडेल. कोंडाजीनं दोन मिनिटांचं काम असल्याचं सांगितलं आणि बाकाखालून पान्हा काढला.

खरं तर त्याला काही सापडेल असं वाटलंच नव्हतं. बाबालालनं बसवलेलं चाक. पण पान्हा पहिल्या नटावर ठेवला आणि तो नुसत्या वजनानं फिरला. कोंडाजीनं पान्हा बाजूला ठेवून हातानंच पाहिलं. सगळे नट बोटांनी बसवलेले होते तेवढेच होते. एक तर आट्यावरून मागं येऊन शेवटच्या वेढ्यावर लटकत होता.

कोंडाजी तिथंच मातीत बसला. काय झालं असेल ते त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पहाटेची वेळ, बाबालालनं नट बोटांनी लावले असतील, जॅक उतरवला असेल, आणि पान्ह्याला हात घालणार तोच कोणीतरी बोलावून नेलं असेल. काझीला आणायचं असेल, मंडपाचा खांब असेल. मग तो विसरला. लढाईत, घाटात, पुरात जो कधी नट आवळायला विसरला नाही, तो माणूस आज विसरला होता. समोर घाटाची चढण होती, आणि पलीकडं भुकूमच्या बाजूला उतार.

मग तो उठला, सगळ्यांना खाली उतरायला लावलं, जॅक लावून चाक जमिनीपासून उचललं. नट काढून बोल्टांचे आटे बोटानं चाचपून पाहिले. शाबूत होते. चाकाची भोकंही खराब झालेली नव्हती. त्यानं बोल्ट पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बोटांनी सगळे. मग पान्ह्यानं एक, पलीकडचा, पुन्हा पलीकडचा. चुलते शेजारी उभे राहून हातातलं घड्याळ बघत होते. कोंडाजीनं घाई केली नाही.

तो शेवटचा फेरा घालत असताना शाहजादी येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी तिनं एका हातानं सावरली होती. तिचं सगळं लहानपण त्या गाडीच्या सावलीत गेलेलं. चाक कितीदा आवळतात आणि थांबून नुसतं बघणं म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं. हे नुसतं बघणं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, हे अब्बांना सांगू नका."

कोंडाजीनं मान वर केली नाही. "काय सांगायचं? चाक बघितलं, बास."

"त्यांना रातीला झोप न्हाई लागायची."

"जा, बस जा पुडं," तो म्हणाला. "तुला घरी पोचवायचंय मला."

घाट चढून गाडी भुकूमकडं उतरली, भूगावला दिवेलागण झाली होती. तिथं कोंडाजी पुन्हा एकदा थांबला आणि पान्हा लावून पाहिला. खडकीला सगळी सुखरूप पोचली. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर बाबालालनं प्रवास कसा झाला ते विचारलं, आणि कोंडाजीनं मुलीच्या सासरी घर कसं आहे, अंगणात नळ कसा आहे, सासू कशी हसतमुख आहे, एवढंच सांगितलं.

पुढं आणखी सातआठ वर्षं पिकअप चालली. मग रस्ता डांबरी झाला, एसटीच्या खेपा वाढल्या, मोठे ट्रक आले. गाडीचे सुटे भाग जुन्या बाजारातही मिळेनासे झाले. बाबालालला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं. शेवटी उरवड्याचा एक वीटभट्टीवाला ती घ्यायला आला. त्याच्या माणसाला बाबालालनं डाव्या बाजूच्या आट्यांचं पुन्हा पुन्हा सांगितलं. तो माणूस हो हो म्हणत राहिला. गाडी पेठेतून वळून दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज ओढ्यापर्यंत येत होता. दोघं तो संपेपर्यंत उभे राहिले.

मग पारावर बसल्यावर बाबालाल बोलला. "एक इचारू का, कोंडाजी? शादूच्या लग्नाच्या दिवशी म्या चाक बदललं व्हतं. नट आवळल्याचं मला आटवतच न्हाई. लई बार आटवून बघितलं. बोटानं लावल्याचं आटवतंय, म्होरलं न्हाई."

इतकी वर्षं हा माणूस ते एकटाच वागवत होता, हे कोंडाजीला कळलं. त्यानं समोरच्या रस्त्याकडं बघत सांगितलं, "आवळलेलेच व्हते. म्या पिरंगुटला बघितलं की. पान्हासुदीक हलला न्हाई."

"खरं?"

"तुझ्या हातचं काम. हलतंय व्हय?"

बाबालालनं त्याच्याकडं पाहिलं. त्या कमी दिसणाऱ्या डोळ्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. पण त्याचे खांदे जरा खाली आले, आणि खिशातली विडी काढून त्यानं ती कोंडाजीपुढं धरली. विडी ओढून झाली तशी उन्हं उतरली होती. घरं दोघांचीही एकाच बाजूला. कोंडाजीचा गुडघा दुखत होता आणि बाबालालला खाचखळगे दिसत नव्हते, म्हणून कोंडाजीनं बाबालालच्या खांद्यावर हात ठेवून आधार घेतला आणि त्याला वाट सांगितली. या रस्त्यानं दोघं मिळून पायी असे कधी गेलेच नव्हते. घर इतकं लांब आहे, हे त्यांना त्या संध्याकाळी समजलं.