तापणाऱ्या पुरचुंड्या

दुपारच्या सुट्टीत शर्टांच्या कारखान्यातली पॅकिंगची खोली बायकांनी गच्च भरली होती. डबे कुणी उघडलेच नव्हते. मधल्या स्टुलावर माई बसल्या होत्या आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायका त्यांच्यापुढे हात पसरत होत्या.

"पाळी जाताना बाईच्या अंगात जाळ शिरतो. एकाएकी घाम फुटतो, झोप उडते, घरच्यांवर उगाच खेकसायला होतं. होतं ना?"

त्या वयात कोण नाही म्हणणार? सगळ्या माना हलल्या. माई तळहातावर कापडाची पुरचुंडी ठेवत, मंतरलेलं पाणी शिंपडत आणि मूठ मिटवत. थोड्या वेळात चटका बसला की बाई हात झटके. "उतरला जाळ पुरचुंडीत," माई म्हणत.

कोपऱ्यातल्या टेबलावर काकू घाईच्या शर्टांना इस्त्री करत होती. तिलाही अंगातून उठणाऱ्या गरम वाफांनी हैराण केलं होतं, आणि पहिल्या पुरचुंडीनंतर दोन रात्री छान झोप लागली होती. म्हणून तिनंच थोरल्या जावेला माईंकडे आणलं. जाऊबाई शेजारच्या खोलीत बटणं लावायच्या. त्यांची पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती आणि आता पुन्हा रक्त जाऊ लागलं होतं.

"नासकं रक्त बाहेर पडतंय," माईंनी सांगितलं होतं. "अकरा पुरचुंड्या होईपर्यंत दवाखान्याची पायरी चढायची नाही."

आज नववी होती. जाऊबाई जिना चढताना दोनदा बसल्या होत्या. ते पाहिल्यापासून काकूचं कामात लक्ष नव्हतं.

तिनं सवयीनं कॉलरवर पाणी शिंपडलं. चार थेंब पलीकडे ठेवलेल्या माईंच्या टोपलीत पडले आणि टोपलीतून सुर्र आवाज आला. काकूनं एक पुरचुंडी बोटाच्या पाठीनं चाचपली. वीस वर्षं इस्त्री केलेल्या बाईला ताप कळायला वेळ लागत नाही: मंतर न घालताच, साध्या पाण्यानं ती तापली होती.

ती ताडकन उठली आणि पलीकडच्या खोलीतून नर्सबाईंना घेऊन आली. त्या दर गुरुवारी पाळी थांबण्याबद्दल माहिती सांगायला यायच्या आणि बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्या बघून परत जायच्या.

काकूनं सगळ्यांसमोर एक कोरडी पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि इस्त्रीच्या बाटलीतलं पाणी शिंपडलं. कापडातून वाफ निघाली.

"माई, या टेबलाचीही पाळी गेली का हो?"

खोली खदखदून हसली. "मनात श्रद्धा नसली की असंच होतं," माई पुटपुटल्या.

"टेबलाला कुठली आलीय श्रद्धा?"

नर्सबाईंनी दुसऱ्या पुरचुंडीचा दोरा सोडला. आत पांढरे खडे होते. "कळीचा चुना. पाणी लागलं की तापतो. भिंतीला चुना लावणाऱ्या कुणालाही विचारा." मग त्या बायकांकडे वळल्या. "वाफा, घाम, चिडचिड हे सगळं खरं आहे. या वयात शरीरातली संप्रेरकं कमी होतात, त्यामुळे होतं. बहुतेकींचं हळूहळू ओसरतं. फार त्रास झाला तर औषध मिळतं. भूत नाही, जाळ नाही."

माईंनी टोपली उचलली. कुणी अडवलं नाही. जाऊबाई मात्र हसल्या नव्हत्या.

"मग माझं रक्त कसलं?"

"पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच तपासायचं. बहुतेकदा कारण साधं असतं. कधीकधी नसतं. कधीपासून आहे?"

"तीन महिने झाले."

नर्सबाईंनी हातातली पुरचुंडी खाली ठेवली. "चला, आत्ताच जाऊ."

"मीच नेलं हो तुम्हाला तिच्याकडे," काकू म्हणाली आणि तिला रडू फुटलं. तिनं जाऊबाईंचा हात धरला. तळव्यावर चुन्याचे लाल चट्टे होते.

ते चट्टे भरून येतील. तीन महिन्यांचं काय, ते तपासणीनंतरच कळेल. बायांनो, आपल्या अंगात काय चाललंय हे विचारायला लाजू नका, आणि जी दवाखान्यात जाऊ नको म्हणते, तिच्यापुढे हात पसरू नका. गुरुवारी त्या खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नसत्या, तर जाऊबाई पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात पोचल्या असत्या.