पट्टीवरचा अंगठा

ज्योतीचा फोन आला. "काका, मॅडमची एक पट्टी धुवायची आहे. तुम्ही या ना जरा." पट्टी धुवायला मी कशाला, हे विचारलं नाही. दूध संघावर कॅन उतरवले आणि टेम्पो तसाच संगमनेरला कॉलेजवर नेला.

रुपाली, माझी बायको, तिथं फिजिक्स शिकवायची. आषाढात गेली. ज्योती तिच्या हाताखाली संशोधन करत होती. डीएनएमध्ये थायमीनसारखे चार पदार्थ असतात. त्यांतल्या एकेकाचा थर क्वार्ट्झच्या पट्टीवर चढवायचा. थर इतका पातळ की दिसतसुद्धा नाही. मग त्यातून अतिनील किरण सोडायचे. किती किरण थरानं अडवले, त्याची रेघ यंत्र काढतं. एवढं मला रुपालीनं जेवताना सांगितलं होतं.

ज्योतीनं पडद्यावर रेघ दाखवली. एका टेकाडाला चिकटून दुसरं टेकाड आलं होतं.

"हे दुसरं थायमीनचं नाही. बोट लागलंय," ती म्हणाली आणि पट्टी उजेडात तिरकी धरली. मधोमध अंगठा उमटला होता. "मॅडमचाच. शेवटचा थर त्यांनी एकटीनं चढवला होता."

"तिचा कसा असंल? मी नुसतं वाकून बघितलं तरी वरडायची."

ज्योतीनं पट्टी खाली ठेवली. "केमोनंतर त्यांची बोटं बधिर झाली होती, काका. चिमट्यातून पट्टी निसटायची. हातानंच धरली असणार. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

घरी रुपाली ब्लाऊजचे हुक मला लावायला सांगायची. मी म्हणायचो, "आता लाडात आलीस व्हय?" ती हसायची.

"ही मला दे. तू दुसऱ्या पट्टीवर कर की."

"आधीचे तिन्ही थर याच पट्टीवर एकेक चढवून, मोजून, धुऊन काढलेत. चौथा नव्यानं दुसरीवर घेतला तर जुळवता येणार नाही. मॅडमचं काम अर्धवट राहील." मग हळूच म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर राहू दे."

मी अंगठा बघत बसलो. नंतर चिमटा मागितला.

"मी धुते, काका. निसटली तर फुटेल."

"न्हाई निसटत. माझी बोटं धड हायेत."

ती बाटलीतून बारीक धार सोडत गेली. मी पट्टी धरून उभा राहिलो.