डाव्या बाजूची काच

सहादूआबांची शाळेची व्हॅन आता त्यांची लेक संपदा चालवणार, हे सातपूरच्या कॉलनीत सगळ्यांना कळलं होतं. क्लच दाबताना आबांचा गुडघा ठणकायचा, आणि संपदानं लायसन्सही काढलं होतं. घोडं अडलं होतं ते डावीकडच्या आरशावर. मूळचा फुगीर आरसा फुटला, तेव्हा आबांनी काचवाल्याकडून साधी सपाट काच कापून घेऊन बसवली होती. त्याला चार वर्षं झाली.

"ती काच बदलल्याशिवाय मी गाडी काढणार नाही," संपदा म्हणाली.

"गोल आरसा फसवतो. ट्रक हाय जवळ, दिसतो लांब. बावीस वर्षं चालवतोय मी, कुणाला खरचटलं नाय."

"लांब दिसतो आबा, पण दिसतो."

"मग राहू दे. मीच चालवतो."

आबा हट्टाला पेटले की घरात कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. पण संपदा त्यांचीच मुलगी.

दुपारी ती त्यांच्याबरोबर शाळेत गेली. व्हॅन थांबताच तिनं चावी काढून मुठीत धरली, आबांना सीटवरच बसायला लावलं आणि उतरून पोरांना डाव्या बाजूला उभं केलं. पोरं काय, खेळ समजून आनंदानं उभी राहिली. धाकधूक होती ती तिलाच. चारचौघांत दुखावले तर आबा महिनाभर बोलणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलंच.

"आरशात बघून सांगा. किती पोरं दिसतात?"

आबांनी मान पुढे केली, मागे केली. "दोन. बाकीची बोलव की."

"सातही इथंच आहेत. वेदिका तर मागच्या चाकाला हात लावून उभी आहे."

"कायतरीच." आबा गुडघा धरत उतरले, वळसा घालून आले. पहिलीतली वेदिका त्यांच्याकडे बघून हसली. तिचं डोकं जेमतेम व्हॅनच्या खिडकीच्या कडेला लागत होतं. आबांचा चेहरा असा उतरला, की आपण जरा जास्तच केलं का, असं संपदाला वाटलं.

तिनं चावी पुढे केली. "सावकाश काढा. मी मागं उभी राहते."

"नको." आबांनी हात मागे घेतला. "चार वर्षं, पोरी. रोज दोन खेपा."

व्हॅन तिथंच राहिली. कॉलनी पंधरा मिनिटांवर होती. आबांनी वेदिकाचं दप्तर खांद्याला लावलं आणि लंगडत सगळ्या पोरांना घेऊन चालत निघाले. प्रत्येक दारात थांबून त्यांनी आयांना सांगितलं, आज पायी का आलो ते, आणि त्यातलं काही लपवलं नाही.