हसऱ्या मुळ्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना मुळा आहे. खायचा नव्हे, डोक्यावर घालायचा. दोन हात उंच, पांढराशुभ्र, शेंड्याला हिरवी कापडी पाने आणि तोंडभर शिवलेले हसू. निप्पोरीच्या कापडबाजारातल्या सावाकोबाईंच्या शिवणखान्यात मी वरच्या फळीवर असतो. कोणी मान वर करून पाहिले की मला तोंड लपवावेसे वाटते. पण लपवणार कसे?

सुझुने नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे पहिलेच गाणे येणार होते. लोणच्याच्या बरणीत जायला नकार देणाऱ्या मुळ्याचे गाणे! त्याच्या व्हिडिओसाठी सावाकोबाईंनी मला शिवले. तिथे गुलाबी भाताचे डोंगर होते, निळ्या टोफूच्या पायऱ्या होत्या, आणि पिवळाधमक झगा घालून सुझुने फ्रिजवर उभी राहून गायची. मागे मी नाचायचो. खरे म्हणजे नाचायचे माझ्या आतले मोगामीकाका. वय छप्पन्न, उभा जन्म अस्वले नि बेडूक होऊन मुलांना हसवण्यात गेलेला. सोंगातल्या माणसाने बोलायचे नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. आत कोणी नाहीच, असे मुलांना वाटले पाहिजे.

म्हणून सावाकोबाईंनी एक खूण ठरवली. "गुदमरलं तर दोन्ही हातांनी डोक्यावर थापा मारा. मी धावत येऊन चेन उघडते. संकोच करू नका हं, काका!"

"नाही हो, ठीक आहे," काका म्हणाले.

चित्रीकरणाच्या तिसऱ्या तासाला दिव्यांनी आग ओकायला सुरुवात केली. सावाकोबाई इस्त्री आणायला बाहेर गेल्या होत्या. काकांनी डोक्यावर दोन थापा मारल्या. दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच.

"अरे वा! मुळ्याने कपाळाला हात लावला! परत करा!"

काकांनी परत थापा मारल्या. त्यांना खरोखरच हवा हवी होती.

"भारी! हेच ठेवा, प्रत्येक कडव्याला!"

तीस माणसे कामाला उभी होती. आपल्या एकट्यासाठी सगळ्यांना थांबवायचे, हे काकांना जन्मात जमले नव्हते. ते नाचत राहिले. सावाकोबाई परतल्या तेव्हा ती खूण नाचात जाऊन बसली होती. "अहो, आता दुसरी खूण ठरवू या," त्या चेन उघडत कुजबुजल्या.

"नको, ठीक आहे मी."

"नक्की ना?"

"हो हो. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका."

दोनदा विचारून त्या इस्त्रीकडे वळल्या.

गाणे गाजले. शाळेशाळेतली मुले डोक्यावर थापा मारू लागली. कौतुकाने मी फुगून गेलो. आत काकांचा घाम माझ्या स्पंजात मुरायचा, तर मी नाक मुरडायचो. नाच माझा, नाव माझे; काका म्हणजे नुसते आतले सामान, असे मला वाटायचे. आज ते आठवले की जीव नकोसा होतो.

ऑगस्टातल्या एका भर दुपारी, एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर सुझुनेचा कार्यक्रम होता. समोर दोनशे मुले. दुसऱ्या कडव्याला काकांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तो फक्त मलाच ऐकू येत होता. त्यांनी डोक्यावर थापा मारल्या. दोनशे मुलांनीही मारल्या. काकांनी पुन्हा मारल्या, या वेळी ताल सोडून. मुले खदाखदा हसली. काकांचा तोल गेला.

"बघ बघ, मुळा डुलतोय!" एक मुलगी ओरडली.

आणि मित्रांनो, त्या क्षणी मला अभिमान वाटला. इतका छान मी कधीच नाचलो नाही, असे वाटले.

गाणे संपले. सुझुनेने वाकून नमस्कार केला. गायिकेपेक्षा मुळ्याने जास्त वाकायचे असे ठरलेले होते, तसे काका वाकले आणि तिथेच गुडघ्यांवर बसले. हात मात्र डोक्यावर थापा मारतच होते.

"गाणं तर संपलं," सुझुने पुटपुटली, "मग काका अजून थापा का मारतायत?" तिने मला दोन्ही हातांनी धरले.

"अगं, मुलांसमोर डोकं नको काढूस!" निवेदक ओरडला.

"डोकं गेलं खड्ड्यात! काका!"

तिने मला उपटून भिरकावले. मी हसत हसत मुलांच्या पायांशी गडगडत गेलो. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. डोळे उघडल्यावर पहिले शब्द आले, "माफ करा, कार्यक्रम बिघडवला."

"आत आजोबा होते?" कोणीतरी चिमुकल्याने विचारले.

काका वाचले, पण डॉक्टरांनी नाच कायमचा बंद केला. सावाकोबाईंनी कात्रीने माझे हसरे तोंड आरपार कापले, हवा जावी म्हणून. तेव्हापासून मला कोणी घातलेले नाही.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणारा माणूस भिडेपोटी "ठीक आहे" म्हणतो. त्याला तेवढ्यावर सोडू नका. सावाकोबाई आता प्रत्येकाला तीनदा विचारतात. गेल्या आठवड्यात एक मुलगी बेडकाचे डोके घालून पाहत होती.

"श्वास येतो ना गं?"

"हो, ठीक आहे."

"येतो ना?"

"हो हो, बाई."

सावाकोबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारले. बेडकाच्या आतून अगदी बारीक आवाज आला,

"खरं सांगू? नाही येत."